नव्याण्णव सोडून एक

गुरुमूर्तिरावांनी पुस्तक उलटं धरलं होतं. नुसतं हातात उलटं आलं असतं तर गोष्ट वेगळी; लग्नाच्या हॉलमध्ये एका हातात कॉफीचा टंबलर सांभाळत माणूस दुसऱ्या हातानं पुस्तक उघडतो, तेव्हा असं व्हायचंच. पण गुरुमूर्तिराव वाचत होते. चष्मा कपाळावरून नाकावर आणून, ओळीवरून बोट फिरवत, मध्येच मान डोलवत ते वाचत होते, आणि पान संपल्यावर त्यांनी ते पलटलंसुद्धा. ज्या अक्षरांनी दोरीवरच्या ओल्या कपड्यांसारखं खाली लोंबायचं, ती सगळी दोरीवर चढून उभी राहिली होती, हे महालक्ष्मीबाईंना दीड हातावरून स्वच्छ दिसत होतं. ‘भेष,’ गुरुमूर्तिराव म्हणाले, म्हणजे शाबास. ‘भेष लिहिलीस गें महा. आपले लोकांत असें कोणी लिहिलें नाहीं.’ मग त्यांनी पुस्तक मिटून दोन्ही डोळ्यांना लावलं आणि बासुंदी चांगली झाली आहे, पहिल्याच पंगतीला बस, म्हणून सांगितलं.

महालक्ष्मीबाई पहिल्याच पंगतीला बसल्या. पानावर पाणी शिंपडलं, ते तळहातानं निपटलं, वाढप्यानं काय काय वाढलं ते पाहिलंही नाही. जिना उतरताना एक पायरी जास्त निघावी आणि पाय रिकाम्या हवेत जाऊन पुन्हा जमिनीवर यावा, तसं झालं होतं. दुखलं नव्हतं, नुसतं दचकायला झालं होतं. आणि त्या दचकण्याच्या मागून, सांबारभात कालवता कालवता, हसू यायला लागलं. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं, तर म्हणाल्या, कांहीं नाहीं, मिरची लागली. गुरुमूर्तिराव म्हणजे कुंभकोणमच्या मराठी घरांतलं वडील माणूस. कुणाच्या घरी बारसं, कुणाचं श्राद्ध, कुणाची मुलगी कुठे द्यायची, सगळं त्यांच्या तोंडी. पुस्तकातली सातवी गोष्ट त्यांच्याच वडिलांची होती. पाटावर बसल्या बसल्या वासावरून सांबारात मीठ कमी आहे सांगणाऱ्या आणि बायकोच्या माहेरच्यांना पाहिलं की दाढदुखी काढणाऱ्या माणसाची. ती गोष्ट वाचून गुरुमूर्तिराव एक तर पोट धरून हसले असते, नाही तर वर्षभर बोलले नसते. त्यांनी यातलं काहीच केलं नव्हतं, त्यांनी भेष म्हटलं होतं. महालक्ष्मीबाईंना गेले आठ महिने सगळे भेषच म्हणत होते.

महालक्ष्मीबाईंना देवनागरी कुणी शिकवली? हिंदीनं. आता तोंडात वाटलीडाळ असताना हे त्यांना पहिल्यांदा नीट आठवलं, आणि इतकी साधी गोष्ट आपण पन्नास वर्षं कुठे ठेवून विसरलो होतो, याचं नवल वाटलं. घरात मराठी होती ती फक्त जिभेवर. डोळ्यांसमोर जे होतं ते सगळं तमिळ: दुधाचं कार्ड, रेशनचं कार्ड, बसची पाटी, पंचांग, वर्तमानपत्र. आप्पा तंजावरच्या आत्याला पत्र लिहीत ते मराठीतच, पण तमिळ अक्षरांत. तमिळमध्ये ‘भ’ नाही, म्हणून ‘भाऊ’ लिहायचा झाला तर ‘पाऊ’ लिहीत आणि आत्या तिकडे बरोबर ‘भाऊ’ वाचे. पाठशाळेतल्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊन हिंदीची दुसरी परीक्षा पास झालेल्या चौदा वर्षांच्या महालक्ष्मीला त्याची लाज वाटली होती. ही काय रीत, आप्पा, आपली भाषा दुसऱ्याच्या सदऱ्यांत, असं ती बोलली होती, आणि आप्पांनी पेन खाली न ठेवता म्हटलं होतं, सदरा कुणाचा का असेना, ऊब लागली म्हणजे झालें. पुढे ती हिंदीची टीचर झाली, कॉन्व्हेंटमध्ये तीस वर्षं शिकवलं, घरी शिकवण्या घेतल्या, आणि निवृत्त झाल्यावर आपल्या माणसांच्या चाळीस गोष्टी, अगदी घरात बोलतात त्या बोलीत, लिहून काढल्या. ‘आम्ही कावेरीवाले’. चेन्नैच्या छापखानेवाल्यानं विचारलं होतं, मुखपृष्ठावर चित्र काय घालायचं. महालक्ष्मीबाईंनी ऐटीत सांगितलं, चित्र नको, नुसती अक्षरं, मोठी, देवनागरी. चित्र असतं तर निदान गुरुमूर्तिरावांना पुस्तकाची वरची बाजू कळली असती.

आणि मग एकेक घर डोळ्यांपुढे यायला लागलं. भारतीच्या देवघरात पुस्तक सरस्वतीच्या तसबिरीखाली, वर जास्वंदीचं फूल. विजयराघवरावांकडे रेशमी फडक्यात गुंडाळून पोथ्यांबरोबर. सुष्मिताच्या सासूनं तर प्रत्येक कोपऱ्याला चंदनाची बोटं उठवून मधोमध कुंकू लावलं होतं, आणि शुक्रवारी धूप दाखवते म्हणाली होती. महालक्ष्मीबाई तेव्हा फुलून गेल्या होत्या. लेखिकेला आणखी काय पाहिजे? आता त्यांना कळलं की त्या लोकांनी अक्षरं पाहिली होती आणि ती देवाच्या पोथीसारखी दिसली म्हणून देवात ठेवली होती. दाढदुखी काढणारा म्हातारा, नवऱ्याच्या पानात मुद्दाम कारलं वाढणारी सुंदराबाई, देवळातल्या हत्तीला घाबरून लग्नाच्या मिरवणुकीतून पळालेला नवरदेव, सगळे चाळीस जण कुंभकोणमभर चंदन लावून धुपात बसले होते. त्यांना पुन्हा ‘मिरची लागली’, या खेपेला जरा मोठ्यानं.

पण हात धुताना हसू थांबलं, कारण नळाच्या पाण्याबरोबर अण्णा आठवला. खरं म्हणजे तो आठवायची गरज नव्हती, तो आठ महिने मनात ठाण मांडून बसला होता. अण्णा म्हणजे थोरला भाऊ, राजगोपाल. मोठ्या रस्त्यावर त्याचं पितळी भांड्यांचं दुकान. पुस्तकातली तिसरी गोष्ट त्याची होती, आणि खरं सांगायचं तर बाकीच्या एकोणचाळीस तिच्या सोबतीला लिहिल्या होत्या. अण्णाला गणित येत नाही ही त्यांच्या घरातली सर्वांत जुनी थट्टा. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी गणितात आपटला, म्हणून भांड्यांच्या दुकानात लागला. लग्नाकार्यात कुणीही मामा-काका त्याला हाक मारून विचारी, राजा, सात आठें किती? आणि अण्णा डोकं खाजवून म्हणे, चोपन्न. सगळी पंगत हसे. अण्णा सर्वांत मोठ्यानं हसे. आई गेल्यावर तिच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी महालक्ष्मीबाईंना एक कागद सापडला. खालचा अर्धा कसरीनं खाल्लेला. वरच्या अर्ध्यात राजगोपालचं नाव, वर्ष, आणि गणित, एक्याण्णव. ज्या वर्षी आप्पांची दृष्टी गेली ते वर्ष. त्या वर्षी महालक्ष्मीला शाळेतून काढायचं ठरत होतं, आणि मग ते राहिलं, का राहिलं ते तिनं कधी विचारलं नव्हतं. हिंदीच्या परीक्षेला अण्णा तिला साक्कोट्टैच्या घरून सायकलवर डबलसीट घेऊन यायचा, अरसलार नदीच्या पुलाचा चढ लागला की उतरून ढकलायचा, पण तिला उतरू द्यायचा नाही, घाम आला तर अक्षर बिघडेल म्हणायचा. तो सतरा वर्षांचा होता. पन्नास वर्षं तो सात आठें चोपन्न म्हणत आला, आणि दुकानात मात्र साडेतीन किलो पितळेचा भाव पैशापर्यंत तोंडी सांगत आला, आणि हे दोन अण्णा तिनं कधी शेजारी उभे करून पाहिले नव्हते.

समोर बसून त्याला हे सांगणं तिला जमलं नसतं. त्यांच्या घरात कुणी कुणाला असलं काही सांगत नाही. फार माया आली तर आणखी एक इडली वाढतात. म्हणून तिनं ते लिहिलं, छापलं, पहिली प्रत त्याला नेऊन दिली, आणि वाट पाहत बसली. अण्णा काहीच बोलला नाही. महिना गेला, दोन गेले. दुकानात पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, तसबिरीखाली पुस्तक दिसायचं, कडेला चंदन. अण्णा कॉफी मागवायचा, नातवंडांचं विचारायचा, पुस्तकाचा चकार शब्द नाही. तिला वाटलं, दुखावला. पन्नास वर्षं झाकून ठेवलेलं आपण चव्हाट्यावर मांडलं. ती हळूहळू जायची कमी झाली, मग फोनवर आली, आणि दिवाळीला तर दोघांनी एकमेकांना मोबाइलवर दिव्यांची चित्रं पाठवली. आता पदराला हात पुसताना तिच्या लक्षात आलं की अण्णा रागावलेला नसेल. अण्णानं वाचलेलंच नसेल. तो शाळेत कधी हिंदीच्या वाटेला गेला नव्हता, आणि धाकटी बहीण हिंदीची टीचर; तिला कसं सांगणार की तुझं पुस्तक मला वाचता येत नाही? एकदम इतकं हलकं वाटलं की तिनं विडा उचलताना दोन उचलले. आणि रस्त्यावर येता येता पुन्हा जड झालं, कारण मग त्याला अजून काहीच माहीत नव्हतं, आणि जे समोर बसून सांगता येत नाही म्हणून एवढं पुस्तक लिहिलं, ते आता समोर बसूनच सांगायला लागणार होतं.

पाय आपोआप जेबमणी टीचरच्या घराकडे वळले. जेबमणी टीचर गणिताच्या, त्याच कॉन्व्हेंटमधल्या; तीस वर्षं दोघींचे डबे एका बाकावर उघडले, तरी अजून त्या एकमेकींना टीचरच म्हणतात. जेबमणी टीचरनी निवृत्त झाल्यावर बायकांसाठी गणिताच्या कोड्यांचं पुस्तक स्वतः छापलं, तमिळमध्ये, आणि ते तीनदा छापायला लागलं. कसं खपवलंत, म्हणून विचारलं तर त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं: बायबलमध्ये सगळं आहे, विक्रीसकट. महालक्ष्मीबाई म्हणाल्या होत्या, टीचर, आमच्याकडे फळाची आशा धरू नको म्हणतात, मग पुस्तक विकायचं कसं? आमच्याकडे पेरा म्हणतात, जेबमणी टीचर म्हणाल्या, फळाचं पुढे बघू. त्यांनी वहीच्या पानावर नियम लिहून दिले होते, गणिताच्या टीचर असल्यामुळे क्रमांक घालून. दिवा लावून मापाखाली झाकू नये. महालक्ष्मीबाईंनी पुस्तकं कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात, केळ्यांच्या घडाखाली मांडली. पेरणाऱ्यानं दगड-काटे बघत बसू नये, मूठ मोकळी सोडावी. त्यांनी तिरुक्करुगावूरच्या देवळाबाहेर सोडली. तिथे बाळ व्हावं म्हणून आलेल्या जोडप्यांना वाटलं हे त्याचंच काही स्तोत्र आहे, आणि दोन जोडप्यांनी भक्तिभावानं घेतलं. माप द्यायचं तर दाबून, हलवून, शिगोशीग द्यावं. त्यांनी प्रत्येक पुस्तकाबरोबर कॉफीपुडीची पुडी ठेवली, तर लोक विचारायला लागले, पुस्तकाशिवाय पुडी मिळेल का. एकदा नाशिककडच्या यात्रेकरूंची बस थांबली. त्यांना वाचता येत होतं. त्यांनी भर रस्त्यात मोठ्यानं वाचलं आणि खदखदा हसले, अहो हे कुठलं मराठी, पेशव्यांच्या वेळचं की काय. एक बाई मात्र हसता हसता थांबली, माझी पणजी असंच बोलायची म्हणाली आणि दोन प्रती घेऊन बसमध्ये चढली. ज्यांना वाचता येतं त्यांना बोली कळत नाही आणि ज्यांची बोली त्यांना वाचता येत नाही, हे तेव्हाच उमजायला हवं होतं. पण माणसाला आपल्या अंगणातली विहीर शेवटी दिसते.

जेबमणी टीचर ओसरीवर मुरुंग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला निवडत बसल्या होत्या. महालक्ष्मीबाईंनी गुरुमूर्तिरावांचं सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातलं सूप हलायला लागलं. त्या आवाज न करता हसत, वर्गात बसल्यासारख्या. मग अण्णाचं सांगितलं. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तमिळमध्ये तर नाहीच, आणि परक्या भाषेत ते सोपं गेलं. एक्याण्णव, असं म्हटल्यावर जेबमणी टीचरनी निवडणं थांबवलं. ‘त्या काळी?’ त्या म्हणाल्या. ‘टीचर, त्या काळी आमच्या कॉलेजात एक्याण्णव कुणाला मिळत नसत.’ गणिताच्या माणसाला गणिताच्या माणसाची हळहळ.

‘आणि हा माणूस पंगतीत चोपन्न म्हणतो,’ त्या म्हणाल्या.

‘अजून म्हणतो.’

‘मग तुम्ही इथे काय करताय?’

महालक्ष्मीबाई म्हणाल्या, नियम विचारायला आले, साडेचारशे पुस्तकं माळ्यावर आहेत. जेबमणी टीचरनी सूप बाजूला ठेवलं. त्यांनी सांगितलं की मी तुम्हाला एक नियम लिहून दिला नव्हता, कारण तो लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. दान घेऊन वेदीपाशी गेलात आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेवा, आधी भावाकडे जा, मग येऊन दान वाहा. ‘पण त्याच्या मनात काही नाही, टीचर, त्यानं वाचलेलंच नाही.’ ‘मग तुमच्या मनात आहे,’ जेबमणी टीचर म्हणाल्या. ‘तेही चालतं.’ आणि मग त्यांचं आवडतं, जे त्या दर पालकसभेत सांगत: मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं रानात सोडून हरवलेल्या एकाच्या मागे जातो. महालक्ष्मीबाईंनी ते पुष्कळदा ऐकलं होतं आणि दर वेळी त्यांना वाटलं होतं की हा हिशेब गणिताच्या टीचरनं कसा काय मान्य केला. आज त्या बोलल्याच तसं. जेबमणी टीचर म्हणाल्या, नव्याण्णव कळपात आहेत ना, त्यांना एकमेकांची सोबत आहे. ‘आणि खोटं बोलू नका. हो तर हो, नाही तर नाही. पुस्तक वाचता येणार नाही म्हणून सांगा आणि वाचून दाखवा. विश्वास ऐकून येतो, असं आमच्या पौलानं लिहून ठेवलंय. तो वाचून येतो असं कुणीच म्हटलेलं नाही. पुढच्या खेपेला तमिळ अक्षरांत छापा. आता जा, दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं.’

वाटेत महामहम तळ्याच्या कडेनं जाताना महालक्ष्मीबाईंना आपण परत चौदा वर्षांच्या झालो आहोत आणि परीक्षेला चाललो आहोत असं वाटायला लागलं. ऊन असं की तळ्याच्या पायऱ्या पांढऱ्या दिसत होत्या. परीक्षा हिंदीची नव्हती, एवढंच काय ते. आणि या खेपेला सायकलवर पुढे कुणी नव्हतं. एक मन म्हणत होतं, राहू दे. तो सुखात आहे, चोपन्न म्हणून हसतो आहे, पन्नास वर्षांची खपली कशाला काढायची? आणि त्याच मनाच्या बाजूला दुसरं काहीतरी उड्या मारत होतं, लहान मुलाच्या हातात बक्षीस असावं आणि घर अजून चार गल्ल्या लांब असावं तसं. पिशवीत लग्नात द्यायला नेलेल्यांतली एक प्रत उरली होती. ती त्यांनी बाहेर काढून हातातच धरली.

दुकानात अण्णा एकटाच होता, समया पुसत. सत्तरीकडे झुकलेला, अंगात बनियन, कानात केस. बाहेरच्या उन्हातून आत आलं की भांड्यांचा पिवळा उजेड डोळ्यांवर यायचा आणि चिंचेचा वास. ‘यें,’ तो म्हणाला. ‘लग्नांत जेवण कसें होतें?’ चांगलें होतें, त्या म्हणाल्या. बासुंदी? बासुंदीही चांगली. आठ महिने दोघांचं बोलणं एवढ्यावरच संपत आलं होतं.

‘अण्णा, मी दिलेलें पुस्तक तूं वाचलास कां?’

अण्णाचं फडकं एकाच समईवर फिरत राहिलं. ‘वाचीन की,’ तो म्हणाला. ‘सावकाश. दुकानांत वेळ कुठें मिळतो?’

‘तुला तें वाचतां येत नाहीं.’

तो पाठमोराच होता. मानेवरून कळलं की तो लाल झाला. ‘मोठीं अक्षरें आहेत,’ तो म्हणाला, ‘चांगलीं दिसतात,’ आणि मग हळूच, ‘तूं टीचर आहेस गें. तुला कसें सांगूं?’ महालक्ष्मीबाईंनी एक घागर उपडी घातली, तिच्यावर बसल्या आणि तिसरी गोष्ट उघडली. ‘चूक माझी आहे,’ त्या म्हणाल्या. ‘तूं पुसत रहा. माझेकडे बघूं नको. मी वाचतें.’

त्यांनी वाचलं. पहिल्या ओळींना आवाज फुटेना, मग शाळेतला आवाज लागला, मग तोही सुटला आणि घरातला आला. त्यांना आपलंच लिहिणं कानांनी ऐकताना वेगळं लागत होतं, कागदावर नीटनेटकी बसलेली वाक्यं इथे भांड्यांत घुमून परत येत होती, आप्पा बोलत तशी, आई बोले तशी. सायकल आली. पूल आला. समया पुसण्याचा आवाज मध्येच केव्हा थांबला ते कळलं नाही. पंगत आली, सात आठें आले, आणि महालक्ष्मीबाईंना वाटलं आता अण्णा उठून जाईल. मग पेटी आली, पेटीतला कागद आला, आणि त्यांनी तो आकडा वाचला, आणि पुढे लिहिलं होतं तेही वाचलं: माझें सगळें शिक्षण माझ्या भावाच्या एका खोट्यावर उभें आहे, आणि इतकें खरें खोटें मी दुसरें पाहिलें नाहीं. शेवटचं वाक्य संपलं. वर बघायचा धीर होईना. त्यांनी पानाचा कोपरा दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला.

‘फिजिक्सचें कां लिहिलें नाहींस?’ अण्णा म्हणाला.

त्यांनी वर पाहिलं. अण्णा समई मांडीत घेऊन बसला होता आणि त्याचे डोळे भरून वाहत होते, ते त्याला माहीतही नसावं, कारण चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी होतं, जे त्यांनी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाची कुर्रेबाज तक्रार.

‘तो कागद कसरीनें खाल्लेला होता अण्णा. खालीं कांहीं नव्हतें.’

‘अठ्ठ्याऐंशी,’ अण्णा म्हणाला. ‘फिजिक्सांत अठ्ठ्याऐंशी. केमिस्ट्रींत चौऱ्याऐंशी, त्यांत एक गणित मी बरोबर केलें होतें, त्यानें चूक धरलें. मास्तरास जाऊन विचारणार होतों.’ त्यानं समई खाली ठेवली. ‘मग राहिलें.’

महालक्ष्मीबाईंना रडायचं होतं, पण आलं ते हसू, आणि तेही असं की घागर त्यांच्याखाली डगमगायला लागली. अण्णाही हसायला लागला. दोघं म्हातारी माणसं भर दुपारी भांड्यांच्या दुकानात डोळे पुसत हसत होती. ‘आणखी कोणास ठाऊक आहे?’ त्यानं विचारलं. कोणास नाहीं, त्या म्हणाल्या, सगळ्यांनी देवांत ठेवलें आहे. यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. सात आठें किती, त्यांनी विचारलं. छप्पन्न, अण्णा म्हणाला, आणि शब्द तोंडातून निघाल्यावर क्षणभर थांबला, चव बघितल्यासारखा. ‘छप्पन्न गें,’ तो म्हणाला.

तेवढ्यात दारात एक जोडपं आलं, चाळिशीचं, तंजावरकडचं असावं. बाईनं तमिळमध्ये समईचा भाव विचारला, अण्णानं सांगितला, आणि मग ती नवऱ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाली, ‘जास्ती सांगतो आहे हा. चल म्हण, मग कमी करील.’ आपल्या लोकांची ही जुनी रीत: भाव करायचा तो घरच्या भाषेत, दुकानदाराला काय कळतंय. महालक्ष्मीबाईंनी ओठ दाबले. एरवी अशा वेळी अण्णा काही न समजल्याचं दाखवायचा आणि त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेऊन भाव ठरवायचा. त्याच्या धंद्याची अर्धी बरकत त्यात होती.

‘कमी करीन,’ अण्णा मराठीत म्हणाला.

बाई जागच्या जागी थिजली, नवरा हसू लपवायला छताकडे बघायला लागला. अण्णानं दोन घागरी उपड्या घातल्या आणि हातातल्या फडक्यानं पुसल्या. ‘बसा. समई कुठें पळून जात नाहीं. आधीं एक ऐका. हें पुस्तक आपले भाषेंत आहे, तुम्हांस वाचतां यायचें नाहीं, खरें तें सांगतों, मलाही येत नाहीं. ही माझी बहीण, हिनें लिहिलें, ही वाचून दाखवील.’ त्यानं पिळ्ळैयारच्या तसबिरीखालची आपली प्रत काढली, चंदन अंगठ्यानं खरवडलं आणि ती त्या बाईच्या हातात दिली.

‘तिसरी गोष्ट,’ तो म्हणाला. ‘तींत मी आहें. फिजिक्सचे मार्क हिनें घातले नाहींत, तें शेवटीं मी तोंडीं सांगेन.’

मग तो आणखी एक घागर उपडी घालून त्यांच्या शेजारी बसला आणि बहिणीला म्हणाला, हां, वाच.